अर्धी गोळी

वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा, त्यावर छोटी सुरी आणि सुरीच्या धारेखाली एक गोल, गुलाबी गोळी. आई खिडकीपाशी उजेडाकडे तोंड करून बसली होती. डाव्या हाताच्या दोन बोटांत गोळी घट्ट धरून तिनं सुरी दाबली. कट् असा आवाज झाला. एक तुकडा कागदावर राहिला, दुसरा उडून कपाटाखाली गेला. गुडघ्यांवर हात टेकत ती वाकली, चाचपून तो तुकडा बाहेर काढला, फुंकर मारली आणि डबीत टाकला. मग कागदावर सांडलेली भुकटी बोटाचं टोक ओलं करून टिपली आणि बोट जिभेला लावलं. कणसुद्धा वाया जाऊ दिला नाही.

मी दारात उभी होते. तिला माहीत नव्हतं.

तिला रुग्णालयातून घरी आणून चारच दिवस झाले होते. मध्यरात्री डोकं फुटतंय की काय असं दुखायला लागलं म्हणून ती उठली, बोलताना शब्द अडखळू लागले, आणि तिथं पोचल्यावर रक्तदाब निघाला २१० वर १२०. पक्षाघात होता होता राहिला. "गोळ्या वेळेवर घेतात ना?" असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आईनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले होते, "हो, अगदी घड्याळ लावून." आई त्या वेळी छताकडे बघत होती. तिचं ते बघणं मला आत्ता, दारात उभं असताना कळलं.

"आई, किती दिवस चाललंय हे?"

ती दचकली नाही. सुरी पुसून बाजूला ठेवली. "चार-पाच महिने झाले असतील."

"सगळ्याच गोळ्या?"

"छे, सगळ्या कशाला? ही अर्धी घेते. कोलेस्टेरॉलची एक दिवसाआड. साखरेची मात्र रोज पूर्ण घेते हं, ती स्वस्त आहे."

आई वेगळी राहते, स्वतःच्या साठवलेल्या पैशांत भागवते. मुलांपुढे हात पसरायचा नाही हा तिचा बाणा. औषधं तीच आणायची, आणि महिन्याचं बिल वाढत गेलं तसा तिनं स्वतःच्या मनानं मार्ग काढला होता. कुठली गोळी किती गरजेची हे तिनं किमतीवरून ठरवलं होतं. महाग ती पुरवून घ्यायची, स्वस्त ती पोटभर घ्यायची. संसार तिनं असाच केला होता. साबणाची वडी झिजली की नव्या वडीला चिकटवायची, दिवा एकच लावायचा, वस्तू संपत आली की ती अर्धी करून दुप्पट दिवस चालवायची. ही काटकसर तिला आयुष्यभर उपयोगी पडली होती. गोळीला ती लागू पडत नाही, हे तिला कोण सांगणार होतं?

आणि ती गुलाबी गोळी तर अर्धी करायचीच नव्हती. निफेडिपिनची ती गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळत राहील अशा बेतानं घडवलेली असते. वरचं आवरण आणि आतली रचना मिळून औषध चोवीस तास झिरपत ठेवतात. सुरीनं तिचे दोन भाग केले की बांध फुटावा तसं औषध एकदम रक्तात उतरतं, रक्तदाब धाडकन खाली येतो, आणि उरलेले तास माणूस औषधावाचून राहतो. म्हणजे आई अर्धं औषध घेत होती असंही नाही. ती सकाळी जास्त आणि रात्री काहीच नाही असं घेत होती. तिचं डोकं रात्री दोनला दुखलं, यात नवल नव्हतं.

त्या रात्री मी तिच्या शेजारी बसून हिशेब केला. पाच महिन्यांत गोळ्या कापून तिनं जे वाचवलं, ते रुग्णालयाच्या पहिल्या दिवसाच्या बिलालाही पुरलं नसतं. हे तिला सांगितलं नाही. तिचं तिला कळत होतं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की आई एकटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली एक अहवाल काढला होता. श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषधं घेतात असं त्यात म्हटलं होतं. सगळे काही पैशांपायी चुकवत नाहीत. कुणी विसरतं, कुणाला सोसत नाही, कुणाचा विश्वास नसतो. पण पैशांचं कारण असलं की माणूस ते लपवतो, हा त्यातला फरक. गोळी विसरले हे माणूस हसून सांगतो. गोळी परवडली नाही हे तो डॉक्टरांनाही सांगत नाही, घरातल्यांनाही नाही.

"डॉक्टरांना का नाही बोललीस?" मी विचारलं होतं.

"त्यांना काय वाटेल? आणि त्यांच्याकडे बाहेर एवढी माणसं बसलेली असतात."

यावर मी खूप विचार केला आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहितात तेव्हा त्यांच्यासमोर आजार असतो, औषधाचा गुण असतो, दुष्परिणाम असतात. किंमत त्या कागदावर कुठेच नसते. ती कळते दुकानाच्या खिडकीपाशी, आणि तिथं आपल्याशी बोलणारा माणूस औषध बदलून देऊ शकत नाही. ज्याला बदलता येतं त्याला किंमत दिसत नाही, ज्याला किंमत दिसते त्याला बदलता येत नाही, आणि या दोघांच्या मधे माझी आई सुरी घेऊन बसलेली. या दोघांची गाठ घालून देणारं एकच माणूस असतं, ते म्हणजे खुद्द रुग्ण. आणि तोच संकोचानं गप्प.

मग मी एक काम केलं. आईच्या घरातलं औषध नावाचं जे जे होतं ते सगळं पिशवीत भरलं. उशाखालचं, फडताळातलं, देवघराशेजारच्या डबीतलं, संपत आलेल्या बाटल्या, गेल्या वर्षीचं मलम. पिशवी घेऊन आम्ही दोघी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि ती टेबलावर रिकामी केली. चौदा जिन्नस निघाले. आई शरमेनं अर्धी झाली होती. मी म्हटलं, "डॉक्टर, हिला हे परवडत नाहीये. ही गोळ्या अर्ध्या करून घेते." एवढी दोन वाक्यं बोलायला मला घशाशी आवंढा आला होता.

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "आजी, हे मला आधी सांगायचं होतंत," एवढंच म्हणाल्या, आणि एकेक पाकीट उचलून बघायला लागल्या. पुढची पंचवीस मिनिटं मी कधी विसरणार नाही.

पहिल्यांदा त्यांनी दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. रंग वेगळे, नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. "हे वाचा," असं म्हणत त्यांनी मोठ्या नावाखालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. दोन्हींवर तेच होतं, पँटोप्रॅझोल. एक गोळी त्यांनी दिलेली, दुसरी गुडघ्याच्या डॉक्टरांनी. दोघांनी आपापल्या जागी बरोबर दिलेली, आणि आई दीड वर्ष आम्लपित्ताची एकच गोळी दोन नावांनी विकत घेत होती.

ती बारीक ओळ वाचायची सवय मला त्या दिवशी लागली. मोठ्या अक्षरांतलं नाव पुष्कळदा कंपनीनं ठेवलेलं असतं, औषधाचं खरं नाव तेव्हा खाली असतं. ही खरी नावं ठेवण्याची जगभरची एक पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते आणि १९५३ साली अशा नावांची पहिली यादी निघाली. या नावांना आडनावं असतात म्हणा ना. शेवटी 'स्टॅटिन' आलं की कोलेस्टेरॉलचं घराणं, 'सार्टन' किंवा 'प्रिल' आलं की रक्तदाबाचं, 'ओलॉल' आलं की हृदयाचे ठोके मंद करणारं, 'प्रॅझोल' आलं की आम्ल कमी करणारं. घरात एकाच आडनावाच्या दोन गोळ्या दिसल्या तर विचारावं. एवढंसं ज्ञान, पण आईच्या महिन्याच्या खर्चातली एक ओळ त्यानं तिथल्या तिथं खोडली गेली.

मग डॉक्टरांनी तिचे पाय बघितले. सुजलेले. "ही सूज कधीपासून?" त्यांनी जुने कागद मागे मागे उलटले, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक साखळी उलगडत गेली. निफेडिपिननं काही जणांचे पाय सुजतात. आईचे सुजले. सूज उतरावी म्हणून कुणी तरी लघवी होण्याची गोळी दिली. त्या गोळीनं पोटॅशियम कमी झालं, म्हणून ते भरून काढायचं औषध आलं. त्याच गोळीनं युरिक ॲसिड वाढलं, म्हणून त्याचीही गोळी आली. पहिल्या गोळीच्या पाठोपाठ तिघींनी घरात पाय ठेवला होता, आणि प्रत्येकीचं बिल आई भरत होती. औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर आणखी औषध देत जाण्याच्या या प्रकाराबद्दल पाउला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी १९९७ मध्येच एका वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलं आहे, वयस्कर रुग्णांच्या संदर्भात. डॉक्टरांचा हलगर्जीपणा म्हणून हे सोडून देता येणार नाही. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस समोर दिसणारं दुखणं निवारत असतो. पूर्ण माळ एका वेळी कुणाच्या हातात येत नाही, एवढंच. ती पिशवी रिकामी केली तेव्हा आली.

निफेडिपिन गेलं, त्या जागी लोसार्टन आलं. मग हळूहळू, तीन आठवडे रोज रक्तदाब लिहून ठेवत, मधे रक्त तपासत, लघवीची गोळी आणि तिच्या मागून आलेली दोन्ही औषधं कमी करत बंद झाली. आम्लपित्ताचीही पुढे थांबली. ती मुळात गुडघेदुखीच्या गोळ्यांपासून पोट सांभाळायला दिलेली होती, आणि त्या दुखण्याच्या गोळ्या बंद होऊन वर्ष उलटलं होतं. चौदाचे सात झाले. सगळ्यात मोठी बचत स्वस्त औषध शोधून झाली नाही, नको असलेलं औषध गेल्यानं झाली. पण हे वाचून कुणी आपल्या मनानं गोळ्या बंद करू नयेत, ही माझी हात जोडून विनंती आहे. 'ओलॉल' घराण्यातली गोळी एकदम थांबवली तर हृदयावर उलटू शकते. आईच्या बाबतीतही काय काढायचं, कुठल्या क्रमानं आणि किती सावकाश, हे डॉक्टरांनीच ठरवलं. आम्ही फक्त विचारलं.

निघताना डॉक्टरांनी अजून एक गोष्ट केली. लोसार्टनची दुप्पट ताकदीची गोळी लिहिली आणि तिच्या मधोमध असलेली खाच आईला दाखवली. "ही कापा, हिला कापायलाच रेघ दिलीय. सकाळी अर्धी." पुष्कळदा दुप्पट ताकदीच्या गोळीची किंमत दुप्पट नसते, त्यामुळे खाच असलेली मोठी गोळी निम्मी करणं हा सरळ, शहाणा मार्ग आहे, मात्र डॉक्टरांनी सांगितला तरच. दिवसभर झिरपणारी, पोटात न विरघळता आतड्यात विरघळावी म्हणून आवरण दिलेली, किंवा कॅप्सूल, यांना सुरी लावायची नाही. आईचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा झाला होता. तिची पद्धत अगदीच चुकीची नव्हती, गोळी चुकीची होती. दुकानातून आम्ही गोळी कापायची छोटी डबी आणली. झाकण मिटलं की पातं बरोबर खाचेवर बसतं, तुकडा उडत नाही, भुकटी सांडत नाही.

पेच पडला तो पुढच्या महिन्यात. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं जेनेरिक, म्हणजे मोठ्या नावाशिवाय विकलं जाणारं तेच औषध, मी आणलं. तेच ॲटोर्व्हास्टॅटिन, तेवढ्याच मिलिग्रॅमचं, किमतीला बरंच कमी. आईनं पट्टी उलटसुलट करून पाहिली. "ही पिवळट दिसतेय. आधीची पांढरी होती." दोन दिवसांनी फोन आला की अंगात कणकण वाटते, ही गोळी सोसत नाही, एवढी स्वस्त म्हणजे काही तरी हलकं असणार.

मला राग आला नाही. स्वस्त ते हलकं हे आपल्या अंगात मुरलेलं आहे आणि ते शरीरापर्यंत पोचतं. २००८ मध्ये अमेरिकेत ८२ जणांवर एक प्रयोग झाला होता. त्यांना वेदना कमी करणारी म्हणून एक गोळी दिली, जिच्यात औषध काहीच नव्हतं. निम्म्यांना सांगितलं की गोळी अडीच डॉलरची आहे, निम्म्यांना सांगितलं की ती सवलतीत दहा सेंटला मिळते. महाग समजून घेणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांना दुखणं कमी झाल्यासारखं वाटलं, स्वस्त समजून घेणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांना. दोन्ही गोळ्या रिकाम्याच. मग आईच्या कणकणीला खोटं कसं म्हणू?

म्हणून तिला समजावून सांगितलं, जितकं मला समजलं होतं तितकं. जेनेरिक बाजारात यायचं तर ते मूळ औषधाइतकंच, तेवढ्याच वेगानं रक्तात उतरतं हे मोजून दाखवावं लागतं. त्यासाठी ८० ते १२५ टक्के अशी एक मर्यादा असते आणि ती ऐकून लोकांना वाटतं की वीस टक्के औषध कमी चालतं. तसं नाही. मोजमापातली सगळी अनिश्चितता धरूनसुद्धा आकडे त्या पट्ट्यात बसायला लागतात, त्यामुळे प्रत्यक्ष सरासरी फरक फार थोडा उरतो. अमेरिकेतल्या औषध नियामकांनी बारा वर्षांतले २०७० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रक्तात पोचणाऱ्या औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट निराळीच आहे. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी डोकेदुखीच्या गोळ्यांची खरेदी तपासली. सामान्य गिऱ्हाईक २६ टक्के वेळा नामांकित, महाग गोळी घेतं, औषधशास्त्र शिकलेली माणसं स्वतःसाठी फक्त ९ टक्के वेळा. ज्यांना आत काय आहे ते माहीत आहे, ती माणसं नावाला पैसे मोजत नाहीत.

आईनं हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आपल्या डॉक्टरांना विचार. त्या घेतील का ही गोळी?" विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या स्वतःच्या वडिलांना हीच चालू आहे. कणकण आठवड्यात गेली. आकड्यांनी झालं नसतं ते त्या एका वाक्यानं झालं.

अर्थात जेनेरिक म्हटलं की डोळे मिटून घ्यावं असंही मी म्हणणार नाही. थायरॉइडची, फिटची काही औषधं, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, अवयव बदलल्यावर घ्यावी लागणारी औषधं, यांचा तोल फार नाजूक असतो. तिथं कंपनी बदलायची तर डॉक्टरांना सांगून, रक्त तपासून. आणि वाईट कारखाने असतात, बनावट मालही असतो, हे खरं आहे. म्हणून परवाना असलेल्या दुकानातून, बिल घेऊन, पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि तारीख बघून घ्यायचं. नवं औषध सुरू होताना आम्ही आता पहिल्यांदा थोड्याच दिवसांचं आणतो. सोसलं नाही तर अख्खं खोकं फडताळात पडून राहत नाही.

एका संध्याकाळी डबीत गोळी ठेवता ठेवता आईनं विचारलं, "पण हे मुळात एवढं महाग का असतं गं?"

प्रश्न साधा होता आणि मला तो टाळायचा नव्हता. नवं औषध शोधायला खरोखर खूप पैसा आणि वर्षं लागतात, शंभरातली बहुतेक वाटेतच बाद होतात. म्हणून शोधणाऱ्याला पेटंट मिळतं, अर्ज केल्यापासून वीस वर्षं. त्यातली कित्येक वर्षं चाचण्यांतच जातात, उरलेल्या काळात तो एकटाच विकणारा असतो आणि भाव तोच ठरवतो. ही मुदत संपली की दुसरे बनवू लागतात आणि किंमत कोसळते. आईची साखरेची मेटफॉर्मिन याच वाटेनं आली. फ्रान्समध्ये झां स्टर्न यांनी १९५७ मध्ये तिचे मधुमेहावरचे निष्कर्ष छापले. आज ती कुणा एकाच्या मालकीची नाही म्हणून स्वस्त आहे, आणि तरीही जगभर मधुमेहाचा उपचार तिच्यापासूनच सुरू होत आला आहे. जुनं म्हणून ती कमअस्सल ठरत नाही. २००२ साली ३३ हजारांहून जास्त लोकांवरच्या एका चाचणीचे निकाल आले, त्यात क्लोरथॅलिडोन ही रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी हृदयविकाराचा झटका टाळण्यात नव्या महाग गोळ्यांच्या तोडीस तोड ठरली.

इथवर आईला पटलं. मग मी तिला इन्शुलिनची गोष्ट सांगितली. १९२१ च्या आधी मधुमेही मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, तोच काय तो इलाज. टोरोंटोमध्ये बॅन्टिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लिऑड यांनी इन्शुलिन मिळवलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. तो वाचला. पुढच्याच वर्षी बॅन्टिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचं पेटंट आपल्या विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आपल्याच दवाखान्यातल्या रुग्णांना विचारून २०१९ मध्ये जे छापलं, त्यात चारातला एक जण किमतीपायी इन्शुलिन कमी टोचून घेत होता.

आई बराच वेळ बोलली नाही. "एका डॉलरला दिलं त्यांनी," ती म्हणाली, "आणि लोक थेंब थेंब पुरवून वापरतात?" तिच्या आवाजात राग होता. इतके महिने स्वतःच्या गोळ्या कापताना तिला राग आला नव्हता.

राग यायलाच हवा. कारण आम्ही जे जे केलं, ती पिशवी, ती बारीक ओळ, ती खाच, ते सगळं जिथं दुसरं औषध आहे तिथं चालतं. माझ्या आतेभावाला गेल्या वर्षी कर्करोगाचं निदान झालं आणि त्याच्या चिठ्ठीवर जे औषध आलं त्याला बारीक ओळीतलं दुसरं भावंड नाही. पेटंट चालू आहे, बनवणारी एकच कंपनी. वहिनीनं दागिने मोडायची तयारी केली होती. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेविकेनं त्यांना बसवून घेतलं, कंपनीच्या मदत योजनेचा अर्ज भरून घेतला, काही न्यासांची नावं दिली. औषध मिळायला लागलं, अर्जामागून अर्ज भरत. वहिनी म्हणते, एका अर्जाचे सहा महिने संपत आले की तिची झोप उडते. अशा योजना आहेत हे रुग्णालयात विचारायलाच हवं, ते कुणी आपणहून सांगेलच असं नाही. पण माणसाचा जीव अर्जावर तोलून धरणं ही काही व्यवस्था नव्हे.

२०१३ च्या शेवटी हेपटायटिस सी बरा करणारं सोफॉसबुविर अमेरिकेत विक्रीला आलं, तेव्हा बारा आठवड्यांच्या औषधाची किंमत ८४ हजार डॉलर होती, एका गोळीला हजार. ते औषध नुसतं बनवायला बारा आठवड्यांना ६८ ते १३६ डॉलर पुरतील असा अंदाज लिव्हरपूलच्या संशोधकांनी मांडला होता. मधला फरक संशोधनाच्या खर्चानं भरून निघतो असं मानायला माझं मन तयार होत नाही.

पण भाव उतरतात, तेही मी आतेभावाला सांगत असते. २००० साली एचआयव्हीच्या औषधांना एका माणसाला वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त लागायचे आणि ज्यांना ती सगळ्यात जास्त हवी होती त्यांच्यापैकी जवळजवळ कुणालाच ती मिळत नव्हती. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीच औषधं एकत्र करून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. दिवसाला एक डॉलरहून कमी. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोहा इथं जागतिक व्यापार संघटनेच्या देशांनी मान्य केलं की लोकांच्या आरोग्यासाठी सरकार पेटंटधारकाला न विचारता दुसऱ्याला औषध बनवायचा परवाना देऊ शकतं. यामागे रस्त्यावर उतरलेले रुग्ण होते, ज्यांनी आपला आजार आणि आपली परिस्थिती दोन्ही चारचौघांत सांगितली. आईची गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचायला पाच महिने लागले, आणि ती माणसं तेच फलकावर लिहून चालत होती.

आता आई महिन्याच्या पहिल्या तारखेला पट्ट्या ओळीनं मांडते आणि मला फोनवर मोजून दाखवते. रक्तदाब १३० च्या आसपास आहे. गेल्या खेपेला डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची एक गोळी लिहिली, तर माझ्याआधी तीच म्हणाली, "ही घेतलीच पाहिजे का? आणि हिच्यात स्वस्त कुठली आहे?" बाहेर बसलेल्या एका बाईंनी ते ऐकलं असावं. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी आईचा हात धरला आणि हळूच विचारलं, "असं विचारलं तर चालतं का हो?" आई त्यांच्या शेजारी बसली. मला वीस मिनिटं थांबावं लागलं.

परवा तिच्याकडे गेले होते. गोळ्या मोजल्या, बरोबर होत्या. मग फडताळात काचबिंदूच्या थेंबांची बाटली दिसली. उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते ती. हातात घेऊन हलवून पाहिली, तळाशी थोडं होतं.

"आई, ही कधी उघडलीस?"

ती खिडकीकडे बघत होती.